गास शोधायला गेलो, गॅस सापडला

दोस्तांनो, आज आधी एक प्रयोग करू आणि मग गप्पा मारू. घरातला मोबाइल किंवा संगणक मोठ्यांना विचारून हातात घ्या. (विचारून, बरं का! नाहीतर ओरडा बसला की आमच्या सदराचं नाव पुढे कराल.) शोधायच्या चौकटीत रोमन लिपीतली तीन अक्षरं टाइप करा : जी, ए, एस.

काय आलं? सिलिंडरची नोंदणी कशी करावी, सिलिंडरचा आजचा भाव, दोन बर्नरच्या शेगड्या, आणि पोटात गॅस झाला तर काय खावं न् काय खाऊ नये याचे सल्ले. पान खाली खाली सरकवत जा. सल्ले काही संपत नाहीत.

आता गंमत ऐका. हीच तीन अक्षरं एका गावाचं नावही आहेत! पालघर जिल्ह्यात, वसई तालुक्यात, नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला गास नावाचं गाव आहे. एका बाजूला सोपारा, दुसऱ्या बाजूला भुईगाव. वसईच्या या पश्चिम पट्ट्यात केळीच्या, भाजीपाल्याच्या, फुलांच्या वाड्या आहेत, विहिरी आहेत, तळी आहेत. आपण मराठीत 'गास' म्हणतो आणि 'गॅस' वेगळा म्हणतो, त्यामुळे आपला काही घोटाळा होत नाही. पण रोमन लिपीत गावाचं नाव लिहिताना कुणी एकच एस लिहितं, कुणी दोन एस लावतं, कुणी मधे दोन ए घालतं. दोन एस लावले तर म्हणे हे कुणाचं तरी आडनाव. विल्यम गास नावाचे एक अमेरिकन लेखक होऊन गेले, ते हजर! देवनागरीत लिहिलं तरी यंत्राला शंका येऊ शकते, की या बाळाला 'घास' तर म्हणायचं नसेल?

तुमच्यातली एखादी हुशार मुलगी म्हणेल, ''त्यात काय, पुढे तालुक्याचं नाव जोडू!'' शाबास. तसंच करायचं. फक्त वसईचं जुनं इंग्रजी नाव जोडू नका, नाहीतर पंचाईत वाढेल. इंग्रज वसईला 'बसीन' म्हणायचे. 'बसीन गॅस' असं रोमनमध्ये टाइप केलंत, की तुम्ही थेट अरबी समुद्रात! मुंबईच्या पश्चिमेला समुद्राच्या तळाखाली नैसर्गिक वायूचं एक मोठं क्षेत्र आहे, त्याचं नाव बसीन. तिथला वायू समुद्राखालून टाकलेल्या नळांतून गुजरातेत हजिऱ्याला जातो. म्हणजे गावाचं नाव गॅससारखं, तालुक्याचं नाव बसीन, आणि दोन्ही मिळून समुद्रातली वायूची विहीर. ठरवूनसुद्धा असा योगायोग जुळवता येणार नाही. शिवाय म्यानमारमध्ये, म्हणजे जुन्या ब्रह्मदेशात, पथेन नावाचं शहर आहे; त्यालाही इंग्रज बसीनच म्हणत. घ्या!

हसून झालं असेल तर आता विचार करू. असं का होतं?

पुष्कळांना वाटतं, आपण प्रश्न टाइप केला की यंत्र जगभर धावत सुटतं आणि उत्तर घेऊन येतं. तसं नाही. धावाधाव आधीच झालेली असते. शोधयंत्रांकडे काही आज्ञावल्या असतात, त्यांना इंग्रजीत 'स्पायडर' म्हणतात. मराठीत कोळी! वसईकरांना कोळी म्हटल्यावर पाचूबंदरचा नाहीतर अर्नाळ्याचा मासेमारी करणारा कोळी आठवेल. फारसं बिघडत नाही, दोघांचंही काम जाळ्याशीच. हा आपला कोळी एका पानावरून दुसऱ्या पानावर दुव्यांच्या, म्हणजे लिंकच्या, धाग्यावरून जातो. ज्या पानाकडे कुठूनच धागा येत नाही, ते पान त्याला सहसा दिसतच नाही. जे दिसतं त्यातल्या शब्दांची तो यादी करतो. जाडजूड ज्ञानकोशाच्या शेवटी सूची असते ना, 'अमुक शब्द : पान अमुक', अगदी तशी. आपण विचारतो तेव्हा यंत्र फक्त ती सूची उघडतं.

पण सूचीत एका शब्दापुढे लाखो पानं असली तर आधी कुठलं दाखवायचं? अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन हे दोन विद्यार्थी याच प्रश्नाशी झटत होते. १९९८ साली त्यांनी गूगल ही कंपनी काढली. (नाव 'गूगोल' या संख्येवरून. एकावर शंभर शून्यं! वहीत लिहून बघा, हात दुखेल.) त्यांची युक्ती तुमच्या आजीलाही पटेल. गावात चांगला शिंपी कोण, हे कळायला काय करतो आपण? दहा जणांना विचारतो. ज्याचं नाव जास्त जण घेतात तो चांगला. आणि त्यातही ज्या माणसाच्या शब्दाला वजन आहे त्याने नाव घेतलं तर अधिकच चांगला. एका पानाने दुसऱ्याला दिलेला दुवा म्हणजे असं नाव घेणं. आज ही यंत्रं आणखी पुष्कळ गोष्टी बघतात, पण मुळातला हिशोब हा असा.

आता गासचं बघा. गॅसबद्दल लिहिणारे जगभर कोट्यवधी. गासबद्दल लिहिणारे किती? यंत्राने गावावर राग धरलेला नाही. त्याच्या सूचीत गाव पुरेसं उतरलेलंच नाही, एवढंच.

लोकांपर्यंत आपलं म्हणणं पोहोचवायचं, ही खटपट काही इंटरनेटबरोबर जन्माला आली नाही. तिचा एक जबरदस्त नमुना गासच्या अगदी शेजारी सापडलेला आहे.

सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. फार मोठं बंदर. ग्रीक लेखक त्याला सुप्पारा म्हणत, अरब सुबारा म्हणत. नावाच्या स्पेलिंगचा घोळ तेव्हाही होताच! इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने आपल्या आज्ञा देशभर खडकांवर आणि खांबांवर कोरून घेतल्या. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्यात अशा एका लेखाचा तुकडा मिळाला. तो होता आठव्या आज्ञेचा. पूर्वीचे राजे शिकारीच्या, मौजेच्या सहलींना जात. मी मात्र धर्मयात्रेला निघालो, असं अशोक तिच्यात सांगतो. पुढे १९५६ साली नवव्या आज्ञेचा तुकडा मिळाला, तो कुठे? भुईगावला! गासच्या शेजारच्या गावात. सोपाऱ्याचा लेख आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. गेलात तर त्याच्यापुढे जरा जास्त वेळ थांबा.

अशोकाची हुशारी कशात होती सांगू? त्याने लेख जिथे माणसं येतात तिथे कोरले. बंदरावर व्यापारी, खलाशी, यात्रेकरू सगळेच येणार. भाषा पंडितांची संस्कृत घेतली नाही, बोलणाऱ्यांच्या जवळची प्राकृत घेतली. लिपी इथे ब्राह्मी. पण वायव्येकडे लोक खरोष्ठी वाचत, तर तिकडे खरोष्ठी. आणि अफगाणिस्तानात कंदाहारला तर चक्क ग्रीक आणि अरमाईक! मजकूर तोच, पण वाचणाऱ्याच्या लिपीत. आजकाल 'डिजिटल मार्केटिंग' नावाचे अभ्यासक्रम निघालेत, हजारो रुपये फी घेतात. त्यांतला निम्मा अभ्यास या खडकावर फुकट आहे, असं माझं मत.

पण एक दुर्दैवही त्याच खडकावर आहे. पुढे ब्राह्मी लिपी वाचणारं कुणी उरलं नाही. शेकडो वर्षं हे लेख लोकांच्या डोळ्यांसमोर होते आणि कुणालाही वाचता येत नव्हते. कोलकात्याच्या टांकसाळीत काम करणाऱ्या जेम्स प्रिन्सेपने १८३७ च्या सुमारास ती लिपी उलगडली, तेव्हा कुठे अशोक पुन्हा बोलू लागला.

हे सगळं मी तुम्हाला का सांगतोय? कारण अगदी हेच मराठीच्या बाबतीत संगणकावर झालं, आणि तेही तुमच्या आईबाबांच्या डोळ्यांदेखत. नव्वदच्या दशकात आणि नंतरही बरीच वर्षं संगणकावरचं मराठी वेगवेगळ्या फॉन्टांत लिहिलं जायचं. कुणी शिवाजी वापरी, कुणी कृतिदेव, कुणी श्रीलिपी. प्रत्येकाची रीत निराळी. तो फॉन्ट तुमच्याकडे नसला की पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता काला! माणसाला फॉन्ट बसवून तरी वाचता येई. कोळ्याला मात्र तो काला म्हणजे काहीच नव्हतं. त्या पानांवर 'गास' हा शब्द दहा वेळा असला, तरी सूचीत त्याची नोंद व्हायची नाही. युनिकोड नावाची एक पद्धत आली, तिच्यात जगातल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला. देवनागरी तिच्या पहिल्या आवृत्तीत, १९९१ सालीच, होती. पण आपण सगळे तिच्याकडे वळेपर्यंत बराच काळ गेला. आज मोबाइलवर तुम्ही मराठी टाइप करता ते युनिकोडच.

मग आता अडचण संपली? नाही ना! आता आपण निराळ्याच मार्गाने लिहिलेलं लपवतो. गावच्या जत्रेची माहिती, जुन्या तळ्याची गोष्ट, आजोबांनी सांगितलेली पुराची हकीकत, हे सगळं व्हॉट्सॲपच्या घरच्या ग्रुपवर जातं. तिथे कोळी शिरू शकत नाही. (शिरू नयेच, ते घरचं बोलणं.) चार दिवसांनी ते शंभर सुप्रभातांच्या खाली गाडलं जातं. नाहीतर सुंदर पत्रक तयार करून त्याचं चित्रच चढवतात. चित्रातली अक्षरं यंत्रांना आता थोडीफार वाचता येतात, पण थोडीफारच. जे जगाला सांगायचंय ते अक्षरांत टाइप करून, सगळ्यांना उघडता येईल अशा पानावर ठेवलं, तर ते सापडतं.

आपण लिहिलं नाही तर जागा रिकामी राहते, असं समजू नका. ती दुसरं कुणीतरी भरतं. 'वसई' एवढंच टाइप करून बघा. किल्ला दिसेल, तो चिमाजीअप्पांच्या पराक्रमामुळे १७३९ पासून सगळ्यांच्या तोंडी आहेच. पण त्याच्या आजूबाजूला? वन बीएचके, टू बीएचके, स्टेशनपासून पाच मिनिटं! घरं विकणाऱ्यांचा धंदाच तो, ते रोज लिहितात, पैसे भरून वर येतात. अशा पैसे भरलेल्या निकालावर बारीक अक्षरांत 'प्रायोजित' किंवा त्याचा इंग्रजी शब्द लिहिलेला असतो. तो ओळखायला शिका. त्यांच्यावर माझा राग नाही, घरं सगळ्यांनाच लागतात. पण वसई म्हणजे नुसती विकाऊ घरं, असं चित्र परगावच्या मुलाच्या मनात तयार होतं, आणि वाडीतला माणूस मात्र त्या चित्रात कुठेच नसतो.

आणि आता तर प्रश्नांना गोड गोड उत्तरं देणारी बोलकी यंत्रं आली आहेत. तीही लिहिलेल्यातूनच शिकतात. ज्या गावाबद्दल लिहिलेलं कमी, तिथे ती कधी कधी शेजारच्या गावाचं ठिगळ लावतात आणि मोठ्या आत्मविश्वासाने बोलतात. तुमच्या गावाबद्दल एकदा विचारा आणि आलेलं उत्तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवा. ते कुठे कुठे हसतात, ते टिपून ठेवा.

''पण आम्ही मुलं काय करणार?'' पुष्कळ! मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला, महाराष्ट्र दिनी, सुरू झाला. तिथे कुणालाही लेख सुधारता येतो. पालघर जिल्ह्यातल्या कितीतरी गावांची तिथली पानं एकाच साच्यातून काढल्यासारखी आहेत : गाव अमुक तालुक्यात, पावसाळ्यात पाऊस पडतो, उन्हाळ्यात ऊन पडतं. अरे, पावसाळ्यात पाऊस कुठे पडत नाही? त्या गावात काय आहे जे शेजारच्या गावात नाही, ते हवं. तळ्याचं नाव काय, मोठं झाड कुठलं, वाडीत काय पिकतं, भाजी कुठल्या बाजारात जाते, बोली कुठली. वसईत सामवेदी, म्हणजेच कादोडी, बोलणारी घरं आहेत. त्या बोलीत लिहिलेलं इंटरनेटवर फारच थोडं सापडतं. तुमच्या घरात ती बोलत असतील, तर तुमच्याकडे खजिना आहे.

विकिपीडियाचे नियम मात्र पाळायचे. तिथे स्वतःच्या घराची, दुकानाची जाहिरात चालत नाही. आणि 'आमच्या आजीने सांगितलं' हा पुरावा चालत नाही. पुस्तक, वर्तमानपत्र, सरकारी नोंद असं काहीतरी दाखवावं लागतं. आजीचं सांगणं वाया जाऊ द्यायचं नाही, ते शाळेच्या किंवा गावच्या पानावर, हस्तलिखितात लिहायचं, तिच्या नावासकट, तिला विचारून.

चुका शोधण्याचं कामही छान आहे. उदाहरणार्थ, १ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्ह्याचं विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला आणि वसई तालुका पालघरमध्ये गेला. पण इंटरनेटवर अजून कितीतरी पानांवर वसईची गावं 'जिल्हा ठाणे' मध्येच नांदताहेत. पानं लिहिणारे विसरून गेले! तुमच्या शाळेच्या पानावर जुना पत्ता असेल तर बाईंना सांगा. आणि नकाशे आवडत असतील तर 'ओपन स्ट्रीट मॅप' नावाचा एक नकाशा आहे, २००४ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेला. जगभरची सामान्य माणसं तो मिळून काढतात. मोठ्यांना बरोबर घेऊन त्यात तुमच्या गावचं तळं, वाचनालय, पायवाट दाखवता येते.

आता थोडं व्यापाराचं. समजा तुमची मावशी सुकेळी करते. वसईबाहेरच्या दोस्तांसाठी सांगतो : राजेळी जातीची केळी पिकवून, सोलून, बरेच दिवस उन्हात वाळवली की मधाच्या रंगाची, चिवट-गोड सुकेळी होतात. मावशीला ती पुण्याला विकायची आहेत. तुम्ही नुसतं 'सुकेळी' लिहून पान तयार केलंत, तर काय होईल? मुंबई-गोवा महामार्गावर नागोठण्याच्या पुढे सुकेळी खिंड आहे! गिऱ्हाईक केळी शोधायला जाईल आणि खिंडीतल्या वाहतुकीच्या बातम्या वाचत बसेल. म्हणून 'वसईची सुकेळी', 'वाळवलेली राजेळी केळी' असं लिहायचं, देवनागरीत आणि रोमनमध्येही. विकत घेणारा कोणत्या शब्दांनी शोधेल, ते ओळखायचं. या शब्दांना धंद्यातले लोक 'कीवर्ड' म्हणतात. मग त्याच्या मनातल्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. साखर घातली आहे का? किती दिवस टिकतात? कोणत्या महिन्यांत मिळतात? फोटो मावशीच्या खऱ्या सुकेळ्यांचा हवा, दुसऱ्याच्या पानावरून उचललेला नको. खाण्याचा पदार्थ विकायचा तर सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे नोंदणी लागते, तेही मावशीला सांगा. नावाची किंमत काय असते, हे आपल्याच जिल्ह्यातल्या घोलवडकरांना विचारा. २०१६ साली 'डहाणू घोलवड चिकू' या नावाला भौगोलिक मानांकन मिळालं; आता दुसऱ्या गावचा चिकू त्या नावाने विकणं कायद्यात बसत नाही.

आणि हो, मावशीच्या पानावर घरातल्या अकरा भावंडांनी पाच-पाच तारे द्यायचे नाहीत! ती लबाडी. अशा खोट्या अभिप्रायांचा इतका सुळसुळाट झाला, की भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली ऑनलाइन अभिप्रायांसाठी वेगळं मानकच काढलं. एका खऱ्या गिऱ्हाइकाने 'केळी छान, पण पुडा फाटका आला' असं लिहिलं, तर त्याला उत्तर द्या आणि पुडा बदला. वाचणाऱ्याचा विश्वास अशाने बसतो.

गावाने सापडावं, मावशीने सापडावं. पण तुम्ही? इथे माझा सल्ला अगदी उलटा आहे. तुम्ही शक्यतो सापडूच नका!

स्पेनमधल्या एका गृहस्थांची गोष्ट सांगतो. १९९८ साली तिथल्या एका वर्तमानपत्रात त्यांच्या घराच्या लिलावाची नोटीस छापून आली. देणं थकलं होतं. पुढे ते मिटलं, गृहस्थ कामाला लागले. पण वर्तमानपत्राने जुने अंक इंटरनेटवर चढवले आणि त्यांचं नाव शोधलं की पहिल्यांदा ती नोटीस हजर! दहा-बारा वर्षांनीसुद्धा. ते भांडले, प्रकरण युरोपच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि मे २०१४ मध्ये निकाल लागला : जुनी, आता गैरलागू झालेली माहिती आपल्या नावाच्या शोधातून काढून टाका, अशी मागणी माणूस करू शकतो. गंमत म्हणजे या खटल्यामुळेच त्यांचं नाव जगभर झालं. निदान मी तरी ते इथे लिहीत नाही.

ते मोठे होते, नोटीसही खरी होती. तुमच्या बाबतीत काय काय असेल? अंगणात टबमध्ये आंघोळ करतानाचा फोटो. गणवेशात, छातीवर शाळेचं नाव. 'आमची चिमी गणितात नापास, हाहाहा!' हे चिमीने लिहिलेलं नाही. ते प्रेमाने, कौतुकाने घरच्यांनीच लिहिलंय.

पालकांनो, हा परिच्छेद तुमच्यासाठी. मुलांनी वाचला तरी हरकत नाही. २०२३ साली आपल्या संसदेने वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलं आहे. मुलांची माहिती वापरण्याआधी कंपन्यांनी आईवडिलांची खात्रीलायक संमती घ्यावी, मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवू नयेत, असं त्याचं म्हणणं. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले, अंमल टप्प्याटप्प्याने आहे. पण फोटो जर आपणच टाकला, तर कायदा कुणाला अडवणार? सात-आठ वर्षांच्या मुलालाही 'हा टाकू का रे?' विचारता येतं. त्याने 'नको' म्हटलं तर नको. दहावीचे गुण, घराचा पत्ता, शाळेची वेळ, बस कुठल्या थांब्यावर येते, हे तर कुणालाच सांगायचं काम नाही. बहुतेक समाजमाध्यमांवर १३ वर्षांच्या आत खातं काढता येत नाही. जन्मसाल बदलून काढून देणारे पालक मला माहीत आहेत, आणि मला ते मुळीच पसंत नाही.

तेव्हा या रविवारी दोन कामं. पहिलं, आईबाबांबरोबर बसून स्वतःचं पूरं नाव अवतरणचिन्हांत शोधा आणि नको ते काय दिसतं, ते काढायला लावा. दुसरं, वही-पेन्सिल घेऊन आजोबांबरोबर गावात एक फेरी मारा. विहिरी, तळी, देवळं, चर्च, जुने रस्ते, शेतांची नावं. ते सांगतील तशी, त्यांच्या उच्चारात लिहून घ्या. पहिल्या पानावर गावाचं नाव देवनागरीत लिहा आणि त्याखाली ते रोमनमध्ये जितक्या तऱ्हांनी लिहिलेलं पाट्यांवर दिसेल तितक्या तऱ्हा. गासच्या वाचकांनी एस नीट मोजावेत! पुढच्या आठवड्यात आपण पासवर्डकडे वळू. तोवर आपल्या मांजराचं नाव पासवर्ड म्हणून ठेवलं असेल, तर ते कुणाला सांगू नका.